साईड स्टँडवर बसणारी

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी हौसाने स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर सोडला आणि बुडावर फिरवत फिरवत अंगणात आणला. मी गाडीपाशी बसलो होतो. सिलिंडर माझ्यापुढं उभा केला, कंबरेवर हात दिला आणि म्हणाली, "घ्या. भाकरी मी चुलीवर थापते. पण आज हे काम झालं पायजे."

हौसा म्हणजे माझी बायको. काम म्हणजे आमच्या फटफटीचा साईड स्टँड.

गाडी जुनी. कोपरगावकडच्या एका कारखान्यातल्या शेतकी साहेबाकडून मी ती घेतली तेव्हा आमचं लग्न नवं होतं. अशा गाड्या आता रस्त्याला दिसत नाहीत. जड लोखंड आहे नुसतं. चासीच्या खाली, डाव्या अंगाला, एक लोखंडी कान आहे. त्यात बोल्ट घालून साईड स्टँड बसवलेला असतो. तो कान वाकला होता. कान वाकला की स्टँड नको तेवढा बाहेर फाकतो आणि गाडी डावीकडं लवते. आमची इतकी लवली होती की येणारा-जाणारा हात पुढं करायचा, पडली पडली म्हणून.

वाकवला हौसानेच. एका दिवसात नाही, सगळा संसार गेला त्यात. गाडी साईड स्टँडवर उभी असताना ती मागच्या सीटवर चढून बसायची. चांगल्या अंगाची बाई, हातात भरलेली पिशवी, सगळा भार त्या एवढ्याशा कानावर.

आता तिचे गुडघे गेले होते. चढताना गाडी जरा हलली तरी तिला चढता येत नव्हतं. स्टँड नीट नाही म्हणजे हौसा घरी, एवढं सरळ होतं ते. मागचे काही बाजार तिचे बुडाले होते आणि बेलापूरला बहिणीकडं जाणंही राहिलं होतं. मी म्हणालो, रिक्षा सांगू. ती म्हणाली, "रिक्षात मला काय दिसतंय? ड्रायव्हरची मान." दुसऱ्या दिवशी घोडेगावचा बाजार होता, तिला दुभती शेळी घ्यायची होती. शेळी मी एकट्याने आणली असती, पण मी आणलेली शेळी तिला कधी पसंत पडली नसती. खोड काढली असती, आणि शेळीनेही तिच्यापुढं दूध चोरलं असतं.

एरवी हे काम रफिक वेल्डर करायचा. त्याने तो कान आधीही तापवून सरळ केलेला. पण नेमकं त्याच्या पुतणीचं लग्न निघालं आणि दुकान बंद. त्याने डांबर तापवायची गॅसची बंदूक माझ्या हातात दिली, कसं करायचं ते सांगितलं आणि बजावलं, "काका, मावशीला सांगा, आता पुन्हा वाकला तर कान तुटंल. मग नवी गाडीच घ्या."

रफिकचं आणि तिचं जुनं होतं. पहिल्यांदा गाडी त्याच्याकडं नेली तेव्हा तो म्हणाला होता, "मावशी, स्टँड गाडीसाठी असतो, माणसासाठी न्हाई."

"मंग मी काय लोंबकळू?"

"आधी काका बसतील. मंग त्यांचा खांदा धरायचा अन् चढायचं. समदी दुनिया तशीच चढती."

"तुझी बायको चढती का तशी, तुझ्या अब्बांसमोर?"

रफिकने डोळ्यावर काच ओढली आणि वेल्डिंग सुरू केलं.

तिच्या त्या बसण्याला कारण होतं, ते सांगतो. नाहीतर बाईला कळत नव्हतं असं वाटायचं.

ती लग्न करून आली तेव्हा आमचे दादा, म्हणजे माझे वडील, दिवसभर ओट्यावर बसलेले असायचे. तंबाखूची चंची, काठी आणि नजर. पहिल्यांदा तिला गाडीवर माहेरी न्यायचं होतं. मी गाडीवर बसलो, किक मारली, गाडी सुरू. ही खाली उभी. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, हातात पिशवी, समोर सासरा. चढायचं तर नवऱ्याच्या खांद्याला हात लावावा लागणार. मी म्हणालो, "बस की." ही जमिनीकडं बघतीय. दादा खाकरले. मी वैतागलो, गाडी साईड स्टँडवर लावली आणि पाणी प्यायला आत गेलो.

बाहेर येऊन बघतो तर ही मागच्या सीटवर. दोन्ही पाय एका अंगाला, पिशवी मांडीवर, पदर जागच्या जागी. फूटरेस्टवर पाय देऊन आपली आपण चढलेली. दादांनी तोंड दुसरीकडं केलेलं. आता पंचाईत माझी झाली. मागं बाई बसलेली, त्यामुळं मला मागून पाय टाकता येईना. मग पुढून, पेट्रोलच्या टाकीवरून तंगडी टाकून बसलो. धोतर होतं तेव्हा. दादा हसले. माझ्या आठवणीत दादा मोठ्यानं हसले ते तेव्हाच.

तीच रीत पडली. आधी हौसा चढणार, मग मी टाकीवरून बसणार, गाडी सरळ करणार, टाचेने स्टँड वर. दादा गेले, ओट्यावरच्या भिंतीला त्यांचा फोटो लागला, माझं धोतर जाऊन पायजमा आला, तरी रीत तीच. मी म्हणायचो, "आता कुणाला लाजतीस? धर खांदा."

ती भिंतीकडं मान करायची. "मामंजी हायेत की."

पण ही लाज ओढ्यापर्यंतच. गावाबाहेर ओढा आहे. तो ओलांडला की तिचा हात माझ्या खांद्यावर यायचा. परत येताना ओढ्यापाशी हात निघायचा. मला मागं न बघता कळायचं, गाव आलं.

दुसरी तिची सवय म्हणजे कुठलीही वस्तू आधी हलवून बघायची. बाजेवर बसण्याआधी बाज हलवणार. शिडी हलवणार. दुसऱ्याच्या घरी गेली तर त्यांच्यासमोर त्यांची खुर्ची हलवणार. आमच्या संतोषने, म्हणजे मुलाने, पुण्याहून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. हिने पहिलीच खुर्ची धरली आणि अशी हलवली की पाय फाकून खुर्ची बसली. संतोष म्हणाला, "आई, नवी होती ती!"

"बघ. मला पाडणार हुती."

गाडीचंही तेच. चढण्याआधी सीटला धरून दोन हिसके. मग कान वाकायला लागल्यावर तिने बाभळीचा एक ठोकळा शोधला. कुठंही गेलो की मी गाडी उभी करेपर्यंत ही खाली उतरून ठोकळा हातात घेऊन उभी. स्टँडखाली सरकवायची आणि सांगायची, "टेका आता." ठोकळा पिशवीत असायचा, पानाच्या डब्याशेजारी. बाजारातले लोक तिला ठोकळेवाली आजी म्हणायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही.

बेलापूरला बहिणीच्या घरी वास्तुशांत होती, तेव्हा ठोकळा घरी राहिला. जेवणं झाली, निघायची वेळ. अंगणात पाहुणेमंडळी उभी, बहिणीने लाडवाचा डबा दिलेला. हौसा चढून बसली. मी साडूंना रामराम करतोय, तेवढ्यात गाडी हळूहळू डावीकडं लवायला लागली. घाई नाही, गडबड नाही, म्हैस बसते तशी गाडी बसली. हौसा ओरडली नाही. डबा तिने वर धरला होता, तो शेवटपर्यंत वरच. बायका धावल्या, "लागलं का गं? पडलीस का?"

ही जमिनीवर तशीच, पाय एका अंगाला. म्हणाली, "मी न्हाई पडले. गाडी पडली. मी बसलेलीच हाय."

लाडू एकही सांडला नव्हता. माझ्या पायाचा अंगठा मात्र सुजला, कारण मी मध्ये गेलो होतो. वाटेत ती म्हणाली, "तुमाला कुनी सांगितलं हुतं मधी यायला?"

घोडेगावच्या बाजारात तर तिला सगळे वचकून असायचे. शेळीची कास बघणार, दात बघणार, चालवून बघणार, आणि शेवटी दोन्ही हातांनी पाठ धरून हलवणार. एक व्यापारी चिडला. "आजी, शेळी हाय ती, बाज न्हाई."

"पाय बघते. तुझ्यासारखी लंगडी निघाली तर?"

व्यापारी खरंच जरा लंगडत होता. हसला बिचारा आणि भाव उतरवला. ती शेळी आम्ही गाडीवरूनच आणली. पुढं मी, मध्ये शेळी, मागं हौसा शेळीला कवेत धरून. शेळीने घोडेगावच्या वाटेवरच माझी टोपी ओढली आणि खायला लागली. मी ओरडलो, "अगं, टोपी खातीय ती!"

"खाऊ द्या. सकाळपास्नं उपाशी हाय."

ओढा ओलांडला तेव्हा त्या दिवशी हात खांद्यावरून निघायचा प्रश्नच नव्हता, दोन्ही हात शेळीला होते. ती शेळी पुढं लई दिवस पुरली. मागच्या थंडीत गेली, म्हणून दुसरी घ्यायची होती.

गाडीला गिऱ्हाईक आलं होतं तेही सांगायला पाहिजे. संतोषचं म्हणणं होतं की आता या वयात ती गाडी काढून टाका. त्याचं चुकत नव्हतं. पोराला काळजी असते. त्याच्याच ओळखीचा एक जण पुण्याहून आला, चांगला माणूस, बोलायला गोड. गाडीभोवती फिरला, खाली वाकून फोटो काढले. हौसाने चहा दिला आणि विचारलं, "घेऊन काय करनार?"

"घरात ठेवणार, काकू. हॉलमध्ये. फार दुर्मिळ झाल्यात."

"घरात? मंग चालवनार कोन?"

"चालवायची नाही. नुसती बघायची."

"नुसतं बघायला आमच्याकडं म्हातारा हाय," ती म्हणाली. "गाडी चालवायला ठेवलीय."

तो माणूस हसला. मग कानाकडं बोट दाखवून म्हणाला, हे एवढं वाकलं नसतं तर गाडी अगदी पहिल्यासारखी होती. हौसा लगेच पुढं झाली. "ते मी वाकवलंय." दागिना दाखवावा तसं. नंतर म्हणाली, "न्यायची तर न्या. पण मला बाजारच्या दिवशी न्यायला यायचं. अन् बेलापूरला." तो चहा पिऊन गेला. संध्याकाळी संतोषचा फोन आला. तिने घेतला नाही, मला घ्यायला लावला.

तर त्या सकाळचं.

आम्ही दोघांनी मिळून गाडी डबल स्टँडवर ओढली. ती मागून कॅरिअरला धरून ओढते, मी पायाने दाबतो. एकट्याने ते आता मला होत नाही. पेट्रोलची टाकी मी सोडली, ती तिने पोटाशी धरून गोठ्यापलीकडं नेली आणि वर ओलं पोतं टाकून आली. स्टँडची स्प्रिंग निघेना, तर तिने शेळीच्या दाव्याचा फास टाकला, भिंतीला पाय लावला आणि ओढली. स्प्रिंग निघाली आणि ती मागं बसली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बसले. पडले न्हाई."

कानाभोवती विटा रचल्या म्हणजे जाळ बाहेर जात नाही. बंदूक पेटवली. कान आधी निळा झाला, मग पेरूच्या आतल्यासारखा, मग लाल. मी स्टँडच्या दांडीत लांब पाईप घातला.

किती ओढायचं ते कसं कळणार? ते तिने आदल्या दिवशीच बघून ठेवलं होतं. आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे आणि गाडी कायम एकाच जागी लागते. स्टँडच्या टोकाने फरशीत एक खळगा पडला आहे, गाडी चांगली होती तेव्हाचा. त्याच्या बाहेर नवे ओरखडे, कान वाकत गेला तसतसे लांब गेलेले. ती उलथनं घेऊन खाली बसली आणि उलथन्याचं टोक त्या जुन्या खळग्यावर ठेवलं.

"ओढा. अजून. अजून. आवं, अजून, जोर कुठं गेला? … बास! बास म्हनते ना!"

स्टँडचं टोक खळग्याच्या वर आलं होतं. मी जरा जास्तच ओढून धरलं, कारण लोखंड थोडं मागं येतं. ती म्हणाली, "गेलं पुढं." मी सोडलं, ते बरोबर आलं. तिने उलथनं उचलून घेतलं. तिच्याकडून ते पुष्कळ होतं.

ती बादली घेऊन आली, पाणी मारायला. मी अडवली. तापलेल्या लोखंडाला पाणी मारलं की ते ठिसूळ होतं, रफिकने चार वेळा सांगितलं होतं. आपलं आपण निवू द्यायचं. मग तिने त्याच बादलीने माझे हात धुतले. काळे झाले होते.

जेवणाच्या आधी स्प्रिंग चढवली, पेट्रोलची टाकी बसवली, गाडी खाली घेतली आणि साईड स्टँडवर लावली. टोक खळग्यात बसलं. गाडी उभी राहिली, जेवढी लवायला पाहिजे तेवढीच लवून. किती वर्षांनी तशी दिसली. हौसा मागं सरून बघत राहिली. मग पुढं झाली, सीटला धरून दोन हिसके दिले आणि पाय उचलून फूटरेस्टवर ठेवला.

मी म्हणालो, "आज नको. रातभर निवू दे. उद्या बस."

"गार लागतंय की हाताला."

"आतून न्हाई. उद्या बस."

ती पाय तसाच ठेवून थांबली. मग काढला. "उद्या तर उद्या," म्हणाली आणि पिशवी भरायला गेली. नवं दावं घेतलं, पानाचा डबा घेतला. ठोकळा हातात घेतला, ठेवला, परत घेतला आणि पिशवीत टाकला. मी म्हणालो, "आता कशाला तो?" ती म्हणाली, "असू द्या. त्याची सवय हाय." पिशवी गाडीच्या हँडलला अडकवली.

चुलीवरच्या भाकरी आणि ठेचा खाल्ला. भांडी आवरून म्हणाली, जरा पडते. बाज हलवली आणि पडली. चहाच्या वेळी मी हाक मारली. मग जवळ जाऊन हाक मारली.

फाट्यावरचे डॉक्टर आले, छातीला नळी लावली आणि म्हणाले, झोपेतच. त्रास झाला नसेल. संतोष आणि सून पुण्याहून आले तेव्हा रात्र झाली होती. आमची स्मशानभूमी ओढ्यापलीकडं आहे. ओढ्यापर्यंत मी खांदा दिला. पुढं पोरांनी घेतलं, म्हणाले, अप्पा, तुमी मागून या.

दुसऱ्या दिवशी मला लवकर जाग आली. घरात माणसं निजलेली होती. चूल पेटवायची नव्हती. मी बाहेर आलो. उजाडत होतं. रस्त्याने घोडेगावला बाजाराचे टेम्पो चालले होते, आत शेळ्या ओरडत होत्या. गाडी साईड स्टँडवर होती तशीच, टोक खळग्यात, पिशवी हँडलला.

मी कानाला हात लावून बघितलं. गार होता.

सीटला धरून दोन हिसके दिले. मग फूटरेस्टवर पाय ठेवला, सीटला धरलं आणि मागच्या सीटवर चढलो. दोन्ही पाय एका अंगाला. त्या जागी मी कधी बसलो नव्हतो. गाडी जराशी खाली गेली आणि तिथंच थांबली. तिथून ओटा बरोबर समोर येतो. पुढच्या सीटवरून मध्ये खांब येतो, इथून येत नाही. दादांचा फोटो सरळ समोर.

दारात संतोष उभा होता. लहानपणापासून त्याने मला टाकीवरून तंगडी टाकतानाच बघितलंय.

"अप्पा, काय करताय?"

"स्टँड बघतोय."

तो पायरी उतरून आला, खाली वाकला, बघितलं. "धरतोय?"

"धरतोय."

तो आत गेला. मी बाजाराचे टेम्पो संपेपर्यंत मागं बसून होतो.